कोणी पाहिलं

ताईच्या फाइलमध्ये एक ओळ होती. ती धाकटीबद्दल होती, पण धाकटीने वाचावी म्हणून लिहिलेली नव्हती.

धाकटी म्हणजे ताईची पाठची बहीण. केसांत पांढरं डोकावायला लागलं, चष्मा लागला, तरी ताईच्या तोंडी ती धाकटीच. मोठ्या रुग्णालयात मात्र तिला सगळे मॅडम म्हणत. रुग्णांच्या नोंदी कॉम्प्युटरवर कशा ठेवायच्या, कशा शोधायच्या, हे ती डॉक्टरांना आणि नर्सना शिकवायची. तळमजल्यावर औषधांच्या कोठाराशेजारी तिचा वर्ग होता. त्याची एक भिंत काचेची, काचेपलीकडे लांबलचक बाक, आणि बाकावर सदा कोणी ना कोणी आपल्या नंबराची वाट बघत बसलेलं.

"नोंदी तीन तऱ्हेच्या," ती वर्गात सांगायची. "पहिली तऱ्हा एकाच दवाखान्याची. ते घरातलं कपाट समजा. किल्ली घरच्यांकडे, आत काय आहे ते बाहेरच्याला कळत नाही. दुसरी तऱ्हा आपली, सगळे दवाखाने एकमेकांना जोडलेली. हे असं कपाट, की त्याला दहा घरांतून दारं आहेत. माणूस कुठेही चक्कर येऊन पडला, तरी त्याला कुठलं औषध चालत नाही ते तिथल्या तिथे कळतं. आणि तिसरी तऱ्हा रुग्णाच्या स्वतःच्या फोनवरची. ज्याचे कपडे त्याच्याच हातात पिशवी. कोणाला उघडून दाखवायची ते तो ठरवणार."

"आणि दहा दारांचं कपाट आवरणार कोण?" मागच्या बाकावरून मोठ्या सिस्टर विचारायच्या. त्या निवृत्तीला आलेल्या, बोलायला मोकळ्या. "आम्हीच ना?"

वर्ग हसायचा. मग धाकटी आवाज थोडा खाली आणून शेवटचं वाक्य सांगायची. "दार आहे म्हणून आत जायचं नाही. त्या माणसाचं काही काम आपल्या हातात असेल, तरच."

हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलं होतं, की बोलताना ती दुसरा विचारही करू शकायची. आणि गेले काही आठवडे ती तोच दुसरा विचार करत होती.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारे डॉक्टर होते. दोघी बहिणींचे गोवर आणि गालगुंड त्यांनीच पाहिलेले. त्यांचा दवाखाना पहिल्या तऱ्हेचा. कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर, त्यावर ते एका बोटाने टाइप करत, आणि दर अक्षराला कळफलकाकडे असं बघत जणू अक्षर पळून जाणार आहे. त्यांचा दवाखाना मोठ्या रुग्णालयाशी जोडून घ्यावा म्हणून धाकटीने तिथे किती हेलपाटे घातले.

"माझं कपाट बरं आहे गं मुली," ते म्हणायचे. "कडी आहे, कोयंडा आहे. मला नि माझ्या पेशंटला पुरतं."

"अहो डॉक्टर, तुमचा पेशंट उद्या बेशुद्ध होऊन आमच्या दारात आला, तर आम्ही काय त्याच्या खिशात चिठ्ठी शोधायची?"

"जोड बाई, जोड," शेवटी ते म्हणाले. "तू ऐकायची नाहीस. लहानपणी साधी गोळी सरळ गिळली नाहीस कधी."

धाकटीने मोठ्या हौसेने त्यांचा दवाखाना जोडला. जुन्या नोंदी नव्या जागी नीट उतरल्या का, हे बघायला काही फायली उघडून पाहाव्या लागतात. नियम असा, की कॉम्प्युटर सुचवेल त्याच घ्यायच्या. पण या कामातल्या माणसांना एक खोड असते. ओळखीचं माणूस घेतलं, की चूक लगेच डोळ्यांत येते. त्याची जन्मतारीख पाठ असते, पत्ता पाठ असतो. ताई अधूनमधून सर्दीपडशाला त्याच डॉक्टरांकडे जाते, हे तिला ठाऊक होतं. 'मोठ्या रुग्णालयात रांगा फार' असं ताई म्हणायची. धाकटीने ताईचं नाव टाइप केलं.

जन्मतारीख बरोबर आली होती. पत्ता बरोबर आला होता. मग नजर खाली सरकली.

सर्दीपडसं नव्हतं. ताईच्या दोन्ही किडन्या थकत चालल्या होत्या. रक्ताचे अहवाल एकाखाली एक, आणि त्यातले आकडे जिना चढावा तसे वर चढत गेलेले. पुढेमागे डायलिसिस लागेल, किंवा कोणाची तरी किडनी मिळाली तर बरं, असं डॉक्टरांनी एका बोटाने टाइप केलं होतं. त्याच्याखाली ती ओळ होती. 'रुग्णाला एक धाकटी बहीण आहे. तिला विचारायचं नाही आणि कळवायचंही नाही, असं रुग्णाने स्पष्ट सांगितलं आहे.'

म्हणून ताई घरातल्या कपाटाकडे जात होती. किल्ली धाकटीकडे नाही म्हणून. आणि धाकटीनेच जाऊन त्या कपाटाला नवीन दार पाडलं होतं.

पण तिला छळत होतं ते हेही नव्हतं. ती ओळ वाचली तेव्हा, सगळ्यात आधी, दुःखाच्या आधी, ताईच्या काळजीच्याही आधी, तिचा जीव भांड्यात पडला होता. तिला विचारायचं नाही. म्हणजे आपल्याला कोणी विचारणार नाही. आपल्याला ठाऊकच नाही, मग आपल्याकडे मागणार कोण आणि आपण नाही म्हणणार कोणाला. ते एका श्वासापुरतं होतं, मग ती रडलीसुद्धा, कोठारामागच्या बेसिनवर तोंड धुऊन आली. पण तो श्वास आत कुठेतरी अडकून राहिला तो राहिलाच.

ताई पडदे शिवायची. तिच्या घराची पुढची खोली म्हणजेच तिचं दुकान. खोलीभर एक लांब टेबल, भिंतीला टेकवून उभे केलेले कापडाचे तागे, खिडकीपाशी शिलाई मशीन. नवरा गेल्यावर तिने या मशीनवर संसार ओढला आणि धाकटीचं शेवटच्या वर्षांचं शिक्षणही. शिवताना ओळी जुळवायची तिची जुनी सवय होती. अर्थ असो नसो, पायाच्या तालावर ओळ पडली की झालं.

"निळा गं पडदा, पिवळा गं काठ," धाकटी दारात दिसली की ताई मशीन न थांबवता म्हणायची, "धाकटीची वाट, बघे सुई."

हल्ली सुईला फार वाट बघावी लागत नसे. फाइल पाहिल्यापासून धाकटी सारखी यायला लागली होती. आली की ताईच्या हातातला तागा काढून घ्यायची. जिन्यावरून पिशव्या वर आणायची. 'तू बस गं, मी करते' म्हणून स्वयंपाकघरात शिरायची, आणि भाजीत मीठ कमी टाकायची. येताना फळं आणायची. पूर्वी ताईसाठी केळी ठरलेली, घडच्या घड. ताईचा जीव केळ्यांवर. पण थकलेल्या किडन्यांना केळी सोसत नाहीत. धाकटी सफरचंदं आणायला लागली.

"केळी का नाही आणत गं हल्ली?" ताईने एकदा विचारलं. तिला खायची नव्हतीच. डॉक्टरांनी तिलाही सांगितलंच होतं. पण विचारलं.

"महाग झालीत," धाकटी म्हणाली.

"हो का," ताई म्हणाली, आणि सफरचंदाची फोड तोंडात टाकून हसली. समोर राहणाऱ्या बाई पडद्याचं माप द्यायला आल्या होत्या. ताई त्यांना म्हणाली, "बघा, आमची धाकटी. एवढी मोठी नोकरी, पण आता बहिणीची आठवण यायला लागलीय तिला. वय झालं की माणूस मायेला येतं."

धाकटी तेव्हा ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिने नळ जरा मोठा सोडला.

दर भेटीच्या आधी ती ताईची फाइल उघडायची. नवा अहवाल आला का, आकडा किती चढला. फाइल उघडताना कॉम्प्युटर कारण विचारतो. ती 'पडताळणी' असं लिहायची. पहिल्या खेपेला ते थोडंफार खरंही होतं. नंतर बोटं आपोआप तेच टाइप करत गेली, आणि कॉम्प्युटर भोळा, त्याला सगळं खरं वाटायचं.

आकडा वाढला, की ती ताईकडे जास्त वेळ थांबायची. घरी परतताना तिला वाटायचं, आपण आज पुष्कळ केलं. दोन तागे उचलले, चादरी धुतल्या. आणि कोपऱ्यावर वळताना कळायचं, की आपण तागे उचलतोय ते दुसरं काही द्यायला लागू नये म्हणून.

मग तिसऱ्या तऱ्हेची नोंद सुरू झाली. सगळ्या रुग्णांना आपापली फाइल फोनवर पाहता येणार होती. वर्गात धाकटीने त्याचं एकेक पान मोठ्या पडद्यावर दाखवलं. अहवाल, औषधं, पुढची भेट. शेवटच्या पानावर मथळा होता, 'कोणी पाहिलं'.

"इथे त्या माणसाला दिसेल, की त्याची फाइल कोणी, कधी, काय कारण देऊन उघडली."

वर्गात जरा चुळबुळ झाली.

"म्हणजे आता आमचीच फाइल पेशंटच्या हातात म्हणायची," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मॅडम, मागचंही दिसणार का? की आजपासून पुढचं?"

"मागचंही," धाकटी म्हणाली. तिने माउस उगाच पानाच्या टोकापर्यंत नेला. "दवाखाना जोडला तेव्हापासूनचं सगळं."

"बरं झालं," सिस्टर म्हणाल्या. "मला तर कधी स्वतःची फाइल उघडायला वेळ मिळाला नाही, दुसऱ्याची कुठून उघडणार."

त्या संध्याकाळी धाकटी ताईकडे गेली ती सांगायचं ठरवून. वाटेत वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. दार उघडंच होतं. ताईने मशीन थांबवलं आणि टेबलावरचा फोन उचलून तिच्यापुढे धरला.

"बरी आलीस. डॉक्टरांच्या दवाखान्यातून काहीतरी आलंय बघ. फोनवर घ्यायचं म्हणे. तू सगळ्या जगाला शिकवतेस, बहिणीला लावून दे."

धाकटी स्टुलावर बसली. ताई तिच्या खांद्यामागे उभी राहून बघत होती, आणि मधेच तिच्या लक्षात आलं असावं, की यात आपले अहवालही दिसतील. तिने चटकन म्हटलं, "नुसतं लावून दे हं. आतलं मी मग निवांत बघीन. चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे."

चष्मा तिच्या डोक्यावर होता.

दोघीही एकमेकींपासून तीच एक गोष्ट लपवत एकाच फोनवर वाकल्या होत्या. धाकटीने नाव घातलं, जन्मतारीख घातली. ती विचारावी लागली नाही. ताईने अंगठा टेकवला. पान उघडायच्या आत धाकटीने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग चहा घे."

"नको, उशीर झालाय," धाकटी म्हणाली. उशीर झालेला नव्हता. जुळवलेली वाक्यं तशीच गिळून ती जिना उतरली. रस्त्यावर आली. कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडे केळ्यांचे घड टांगलेले होते, पिवळे, कुणाचंही काही न बिघडवलेले. तिचे पाय तिथेच थांबले. ताई आत्ता काय करत असेल, हे तिला डोळ्यांपुढे दिसत होतं. डोक्यावरचा चष्मा नाकावर आला असेल. एकेक पान ती बोटाने सरकवत असेल, कापड सरकवावं तसं. ती वळली आणि परत जिना चढली.

ताई मशीनपाशी बसली होती. चष्मा नाकावर, फोन हातात.

"अगं, हे बघ ना," ती म्हणाली. आवाज साधा होता. "इथे 'कोणी पाहिलं' म्हणून आहे, त्यात तुझंच नाव आहे सारखं. आत्ता लावून दिलंस म्हणून आलं असेल, नाही?"

ताईनेच वाट करून दिली होती. 'हो' म्हटलं असतं, तर ताईने मानलं असतं. धाकटीने सांगितलेलं ती लहानपणापासून मानतच आली होती.

"नाही," धाकटी म्हणाली. "आत्ताचं नाही ते. मी उघडत होते. पहिल्यापासून."

ताईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा फोनकडे. ओठ हलले, ती वाचत होती.

"पडताळणी," ती वाचून म्हणाली. "पडताळणी. पडताळणी. कसली पडताळणी चालली होती गं माझी?"

धाकटी दारातच उभी होती. आत येऊन बसायचं धाडस होईना.

"म्हणजे तुला ठाऊक आहे सगळं."

"हो."

"कधीपासून?"

"सफरचंदं आणायला लागले तेव्हापासून."

ताईने फोन खाली ठेवला. टेबलावर अर्धा कापलेला पडदा पसरला होता, त्याच्यावर तिने तळहात फिरवला, नसलेल्या सुरकुत्या काढल्या.

"म्हणजे केळी महाग नव्हती," ती म्हणाली.

धाकटीला वाटलं होतं ताई रागावेल, ओरडेल. ताई ओरडली नाही. ती नुसती एकेक गोष्ट मागे जाऊन उचलत होती आणि उलटी करून बघत होती. "तागे उचलायचीस ते म्हणून. भाजीला मीठ नसायचं ते म्हणून. मी आपली त्या समोरच्या बाईंना सांगत बसले." ती थोडी हसली, आणि ते हसू बघवत नव्हतं. "मला वाटलं, तू सहज येतेस."

"ताई..."

"थांब. सगळी दुनिया मला विचारते, बरं वाटतंय का. डॉक्टर विचारतात, औषधवाला विचारतो. तू तेवढी विचारत नव्हतीस. तुझ्यापुढे मी आजारी नव्हते. तेवढी एक जागा मी राखून ठेवली होती गं." तिने मान हलवली. "ती ओळही वाचली असशील. बहिणीला सांगायचं नाही ती."

"वाचली."

"ती मी का लिहून घेतली ठाऊक आहे? तो अहवाल आला तेव्हा मी आधी तुझ्याकडेच आले होते. तुझ्या रुग्णालयात. तुझ्या त्या काचेच्या खोलीसमोर बाकावर बसले. तू शिकवत होतीस. मागे कोणीतरी बाई काहीतरी म्हणाली आणि तू अशी हसलीस, की डोळे पुसायला लागलीस. मी बघत राहिले. म्हटलं, हिला सांगितलं तर ही उभ्या उभ्या म्हणेल, माझी घे. ऐकायची नाही. आणि मग मी उठले, आणि डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं, लिहा, तिला विचारायचं नाही."

काचेपलीकडचा तो बाक धाकटीला रोज दिसायचा. त्यावर कोण बसलंय ते तिने कधी पाहिलं नव्हतं. कोणाच्या फाइलमध्येही ते लिहिलेलं नव्हतं.

आणि ताईने मनात धरलेली ती बहीण, उभ्या उभ्या 'माझी घे' म्हणणारी, ती दारात उभी नव्हती. हे न सांगता ती निघून गेली असती, तरी चाललं असतं. कुठल्याच पानावर ते दिसलं नसतं.

"मी तसं म्हटलं नसतं," धाकटी म्हणाली. "ती ओळ वाचली आणि मला बरं वाटलं, ताई. सुटले असं वाटलं. मग रडले, पण आधी बरं वाटलं."

खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"हे कशाला सांगितलंस?" ताई म्हणाली. "हे तर इथे लिहिलेलं नव्हतं."

"नव्हतं म्हणूनच."

ताईने कात्री उचलली, पुन्हा ठेवली. "जा आता," ती म्हणाली. "मला हा पडदा पुरा करायचाय."

दुसऱ्या दिवशी धाकटी आपल्या विभागाच्या प्रमुख बाईंपुढे जाऊन उभी राहिली आणि कोणी विचारायच्या आत सगळं सांगितलं. फाइल कोणाची, कशी उघडली, कारण काय लिहिलं. बाईंनी ऐकून घेतलं, कॉम्प्युटरवर पाहिलं.

"तक्रार आली आहे का बहिणीची?"

"नाही. ती करायची नाही."

"मग तुम्ही का सांगताय?"

"मी रोज वर्गात सांगते ना, काम असेल तरच उघडायचं. आता ते वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही."

तिचा वर्ग काढून घेतला गेला. फायली उघडायची परवानगीही गेली. तिला नव्या रुग्णांचं नाव-पत्ता लिहून घ्यायच्या खिडकीवर बसवलं. मोठ्या सिस्टर एकदा खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. "काय मॅडम, कपाटाच्या बाहेर?" एवढंच म्हणाल्या, आणि आपल्या डब्यातली अर्धी पोळी तिच्यापुढे ठेवून गेल्या. कोणी काय केलं ते रुग्णालयात लपत नाही.

ताईचा फोन येईना. धाकटीने केला, तर ताई उचलायची, 'हो', 'बरं', 'ठीक' म्हणायची, मागे मशीन चालूच असायचं. ओळी मात्र ती जुळवत नव्हती. धाकटी पूर्वीसारखी जाऊ शकत नव्हती. तागे उचलायला गेलं तर ते आता तागे राहिले नव्हते. आणि न जावं, तर ताई एकटीच ते उचलत असणार.

खिडकीवर ती लोकांना विचारायची, "पूर्वी कधी नोंद झालीय?" एका सकाळी तिच्या ध्यानात आलं, की तिची स्वतःची नोंदच नाही. इतकी वर्षं ती इतरांची कपाटं लावत आली. तिचं एक फडताळही नव्हतं. तिने दुपारची रजा टाकली आणि म्हाताऱ्या डॉक्टरांकडे गेली.

"तू काय आता माझी खुर्चीही जोडायला आलीस?" डॉक्टर म्हणाले.

"पेशंट म्हणून आलेय. नाव लिहा माझं."

त्यांनी एका बोटाने तिचं नाव लिहिलं. काय होतंय म्हणून विचारलं. काही होत नाही, असं ती म्हणाली. किडनी द्यायची झाली तर चालेल का, ते बघायचं होतं. डॉक्टरांचं बोट कळफलकावर थांबलं.

"ताईने सांगितलं तुला?"

"नाही. मीच बघितलं. ते सगळं झालंय आमचं."

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. "देणार आहेस असं ठरवून आलीस, की बघून ठरवणार?"

"खरं सांगू? ठाऊक नाही. पण ठाऊक नाही म्हणत नुसतं बसून राहायचं नाही, एवढं ठरवलंय."

"हे इथे कुठे लिहू मी?" ते पुटपुटले. "याला रकाना नाही." मग रक्त घ्यायला त्यांनी तिची बाही वर सारली. बांधलेल्या पट्ट्याखाली शीर उभी राहिली. सुई टोचताना तिने लहानपणीसारखं तोंड फिरवलं. नंतर पडद्यावर प्रश्न आला, तो डॉक्टरांनी वाचून दाखवला. "ही फाइल आणखी कोणी पाहिलेली चालेल?"

"ताईने," धाकटी म्हणाली.

डॉक्टरांनी लिहिलं. अहवाल काही दिवसांनी यायचा होता. आला तेव्हा धाकटी घरी होती, दिवेलागणीची वेळ. तिने तो दोनदा वाचला. ताईच्या फोनवरही तो त्याच वेळी गेला असणार, हे तिला ठाऊक होतं. ती वाट बघत बसली. चहा निवला.

फोन वाजला.

"माझ्या फोनवर तुझं नाव आलंय," ताई म्हणाली. मागे मशीन चालू होतं. "तुझी फाइल मला बघायची परवानगी आहे म्हणे. अहवाल आलाय, उघडा म्हणतंय."

"मीच दिलीय. उघड ना."

"नाही उघडत."

"अगं, उघड. तुझा हक्क आहे, ताई. मी तर..."

"हक्काचं नको सांगूस. मी उघडणार नाही." ताई थांबली. मशीनही थांबलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच फोनवर ताईच्या मागे काही वाजत नव्हतं. "तू सांग. तोंडाने सांग. मी ऐकतेय."

धाकटीने अहवाल बाजूला ठेवला. तो आता लागणार नव्हता.

"रक्त जुळतंय," ती म्हणाली. "अजून पुष्कळ तपासण्या राहिल्यात. आणि मला भीती वाटतेय, ताई. खूप वाटतेय."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, खिडकी लावल्याचा आला.

"वाटणारच," ताई म्हणाली. "मलाही वाटते. कधीपासून वाटते ते तुला सांगितलंच नाही मी." मग थोड्या वेळाने, "उद्या ये. काही उचलायला नको येऊस. नुसती ये."